कठडा नसलेला पूल आणि रस्ता सुरक्षेचा निधी

१९२९ सालचा ऑक्टोबर महिना. अस्पृश्य आणि आदिवासी समाजाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. धुळ्याच्या बाजूला एका गावात सवर्णांनी घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला उतरले. तिथून त्यांना मुंबईला जायचे होते. पण महारवाड्यातली माणसे स्टेशनवर आली आणि एक रात्र मुक्काम करा म्हणून हट्ट धरून बसली. बाबासाहेब थांबले. वस्ती जवळच होती, तरी निघायला बराच वेळ लागला. कारण त्यांना नंतर कळले. गावातला एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी तोड निघाली ती अशी, की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा तुमचा तुम्ही आणा. हाकायला बसला महारवाड्यातलाच एक भाऊ, ज्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता.

वाटेत एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरचा फरशीचा पूल लागला. त्या पुलाला कठडा नव्हता. काही काही फुटांवर नुसते दगड रोवलेले होते. रस्त्यावरून पुलावर येताना काटकोनात वळावे लागे. त्या वळणावर घोडा बिथरला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब उडून फरशीवर पडले आणि टांगा घोड्यासकट खाली नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला, कितीतरी दिवस त्यांना हालचाल करता आली नाही. हा सगळा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे.

आपण हा प्रसंग आजवर अस्पृश्यतेची हकीकत म्हणून वाचला, आणि ते बरोबरच आहे. बॅरिस्टर असो की विधिमंडळाचा सदस्य, टांगेवाल्याच्या लेखी तो अस्पृश्यच, हे त्यातून उघड होते. पण आम्ही आज तो दुसऱ्या बाजूनेही वाचायला सांगतो. तो रस्ता अपघात होता. त्यामागे दोन कारणे होती. एक जात, जिने सराईत हाकणारा मिळू दिला नाही. दुसरे, महारवाड्याकडे नेणाऱ्या पुलाला नसलेला कठडा. कठड्याला पैसे लागतात. ते पैसे कोणाकडे होते, कोणी कुठे खर्च केले, आणि महारवाड्याच्या वाटेवर आले की ते का संपत होते, हा या लेखाचा विषय आहे.

त्याच वर्षी सुरू झालेला रस्ते निधी

योगायोग पाहा. बाबासाहेब ज्या वर्षी त्या पुलावरून पडले, त्याच १९२९ साली या देशात रस्त्यांसाठी पहिला स्वतंत्र केंद्रीय निधी सुरू झाला. रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. मोटारी वाढत आहेत, जिल्हा बोर्डांना आणि प्रांतांना हा बोजा झेपणारा नाही, तेव्हा पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा फक्त रस्त्यांसाठी बाजूला ठेवा, अशी शिफारस जयकर समितीने १९२८ साली केली. त्याप्रमाणे पेट्रोलवरचा कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि वरचे दोन आणे केंद्रीय रस्ते निधीत जाऊ लागले. आजही पेट्रोल पंपावर आपण जो उपकर भरतो, त्याचे मूळ इथे आहे. २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला. पेट्रोलबरोबर डिझेलही त्यात आले, आणि ग्रामीण रस्ते व रेल्वे फाटकांची सुरक्षा यांसाठीही वाटा ठरला.

म्हणजे रस्त्याचा पैसा कधीच कोणाच्या कृपेने आलेला नाही. तो कराचा पैसा आहे. आमचा रिक्षावाला भरतो, दूध घेऊन जाणारा भरतो, कंपनीतल्या तिसऱ्या पाळीवरून दुचाकीवर घरी येणारा पोरगा भरतो. ज्याच्याकडे गाडी नाही, तोही एसटीच्या तिकिटातून आणि किराणा मालाच्या भाड्यातून भरतो. तेव्हा वस्तीच्या तोंडाशी दिवा, पदपथ, गतिरोधक मागताना आवाज खाली घेण्याचे आपल्याला कारण नाही.

रस्ता केला कोणी, चालला कोण

या निधीच्याही आधी रस्त्याला पैशात न मोजलेला एक कर होता आणि तो आमच्या पूर्वजांनी भरला. गावचे रस्ते झाडणे, सरकारी माणसाला पुढच्या गावापर्यंत वाट दाखवणे, टपाल आणि खजिना पोचवणे, मेलेले जनावर वाटेवरून ओढून नेणे, ही सगळी महार वतनातली कामे होती. त्याबदल्यात पोट भरेल एवढेही मिळत नसे. बाबासाहेबांनी १९२८ साली वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबई विधिमंडळात आणले ते ही वेठ मोडण्यासाठीच. वतने कायद्याने गेली ती थेट १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

रस्ता राखणाऱ्याला रस्त्यावरून चालायचा हक्क मात्र नव्हता. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याला कसे चालावे लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात नोंदवले आहे. त्रावणकोरात तर सार्वजनिक रस्ता हाच लढ्याचा विषय झाला. महात्मा अय्यंकाली यांनी १८९३ साली बैलगाडी विकत घेतली आणि ज्या रस्त्यावर पुलय समाजाला बंदी होती, त्याच रस्त्यावरून ती हाकली. पुढे ३० मार्च १९२४ रोजी वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला. मागणी मंदिराच्या गाभाऱ्याची नव्हती, मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालू द्या, एवढीच होती. वीस महिन्यांच्या झगड्यानंतर जी तडजोड झाली, तिच्यात चारपैकी तीन बाजूंचे रस्ते मोकळे झाले, पूर्वेचा बंदच राहिला. तडजोडीत सगळे काही मिळत नाही आणि जे राहते ते नेमके आपल्याच वाट्याचे असते, हे त्या पूर्वेच्या रस्त्याने दाखवले.

हा भूतकाळ आहे, असे म्हणून कोणी हात झटकू नये. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती करून सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, घोड्यावर बसण्यास, वरात काढण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवावा लागला. रस्ता सर्वांचा झाला असता, तर संसदेला हे कलम लिहावे लागले नसते.

बोले यांचा दुसरा ठराव

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा १९२३ चा ठराव आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. सरकारी पैशातून बांधलेली किंवा राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही ठिकाणे, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याच्याच आधारे महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे कागदावर जाहीर केले, आणि तो कागद खरा करण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले.

पण बोले यांनी १९२६ साली आणखी एक ठराव मांडला, तो आपण विसरलो. तीन वर्षे झाली, पहिला ठराव कोणी पाळत नाही, हे त्यांनी पाहिले. मग त्यांनी सरळ पैशाला हात घातला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हा ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी मागणी त्या दुसऱ्या ठरावात होती.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. पहिला ठराव हक्क सांगतो आणि दुसरा त्या हक्काला अनुदानाशी बांधतो. अनुदान म्हणजे सरकारने मायेने टाकलेला तुकडा नसून अट घालण्याचे हत्यार आहे, हे शहाणपण आपल्या चळवळीच्या परिसरात शंभर वर्षांपूर्वी आले होते. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये तेच सूत्र कायम झाले. पूर्णपणे किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे यांच्या वापरात जातीवरून कोणावर बंधन घालता येणार नाही, असे तो अनुच्छेद सांगतो. त्या यादीत 'रस्ते' हा शब्द आहे, आणि कसोटी आहे सरकारी पैशाची. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. सरकारी पैशातून केलेला रस्ता वापरताना आमचीच माणसे जीव गमावत असतील, आणि तो रस्ता सुरक्षित करण्याचा पैसा आमच्या वस्तीपर्यंत येतच नसेल, तर त्या हक्काला काय अर्थ उरतो?

पाचशे मीटरचे दोन नियम

स्वातंत्र्यानंतरही कष्ट आमचे आणि आराखडा दुसऱ्याचा, ही रीत चालू राहिली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीवर जे रस्ते झाले, त्यांची खडी कोणी फोडली? भूमिहीन मजुरांनी, म्हणजे मोठ्या संख्येने दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त बायाबापड्यांनी. त्या रस्त्यांनी गाव तालुक्याला जोडले. वस्ती गावाला जोडली गेली की नाही, हे कोणी विचारले नाही.

सन २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. तिच्यात सपाट प्रदेशातली ५०० लोकसंख्येची वस्ती हा निकष होता, डोंगरी आणि आदिवासी भागात २५०. योजनेने लाखो किलोमीटर रस्ते केले, ते आम्ही नाकारत नाही. पण तिच्यातला एक नियम पाहा. बारमाही रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत असलेली वस्ती 'जोडलेली' मानली जाते. आता आपल्या गावांची रचना आठवा. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा गावकुसाबाहेर, ओढ्यापलीकडे. अंतर किती? बहुतेक ठिकाणी अर्ध्या किलोमीटरच्या आतच. मनुस्मृतीच्या व्यवस्थेने आपल्याला गावाबाहेर ठेवले, पण या नियमासाठी आपण गावातच मोजले गेलो. पावसाळ्यात ओढा भरला की शाळा बुडते, बाळंतिणीला खाटेवरून न्यावे लागते, तरी कागदावर वस्ती जोडलेली.

दुसरा नियम रस्ता सुरक्षेचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा 'ब्लॅक स्पॉट' ठरतो केव्हा? तीन वर्षांत तिथे मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली तर. एकदा ठिकाण या यादीत आले, की दुरुस्तीच्या पैशाला वाट मिळते. म्हणजे आधी मरा, मोजून मरा, त्याच अर्ध्या किलोमीटरात आणि तीन वर्षांच्या आत मरा, मग निधीचा विचार होईल.

यात आणखी एक मेख आहे. अपघात मोजला जातो तो पोलिसांत नोंद झाली तर. ऊसतोडीच्या ट्रॅक्टरला मागून धडक बसली, मजुराचा हात गेला, मुकादमाने दोन हजार रुपये देऊन मिटवले, तर तो अपघात झालाच नाही. गाडीवाला पळाला, घरच्यांनी जखमीला उचलून खासगी दवाखान्यात नेले आणि कोर्टकचेरीच्या भीतीने तक्रार केली नाही, तर तोही अपघात झाला नाही. गरिबाचे दुखणे आकड्यात येत नाही आणि जे आकड्यात येत नाही त्याला अनुदान नाही.

अपघात जात पाहत नाही?

इथे काहीजण म्हणतील, यात जात कशाला आणता? ट्रक काय जात विचारून धडक देतो? आम्ही या प्रश्नाचे उत्तर देतो. ट्रक जात विचारत नाही, हे खरे. पण अपघात घडेल अशा ठिकाणी कोण उभे आहे, हे जातीने आधीच ठरवून ठेवले आहे. महामार्गाच्या कडेला पडीक जमिनीवर कोणाची वस्ती आहे? पहाटे रस्ता झाडायला कोण उतरते? ट्रॉलीतल्या उसाच्या मोळ्यांवर रात्री कोण झोपलेले असते?

सरकारचेच आकडे घ्या. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ३३ हजार पायी चालणारे आणि सुमारे ७५ हजार दुचाकीवरचे. दोन्ही मिळून जवळपास ६४ टक्के. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्ग जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास, पण एक तृतीयांशाहून जास्त मृत्यू त्यांच्यावर. मोठ्या गाड्यांच्या वेगासाठी रस्ते रुंद झाले आणि त्याची किंमत पायी व दुचाकीवर जाणाऱ्याने दिली, हे यातून उघड होते. या अहवालात मृताचे वय असते, लिंग असते, वाहन असते. जात नसते. सामाजिक वर्गवारीच नोंदवली नाही, तर अनुसूचित जातींची किती माणसे रस्त्यावर गेली आणि त्यांच्या वाट्याला किती निधी यायला हवा, हे कोण सांगणार? जनगणनेत जात मोजा म्हणून आपण लढतो, तोच न्याय इथेही लावला पाहिजे.

निधी आहे, वाट नाही

पैसा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. रस्ता सुरक्षेवरच्या एका जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ रोजी राज्यांना सविस्तर आदेश दिले. राज्याचे रस्ता सुरक्षा धोरण, त्यासाठी जबाबदार यंत्रणा, स्वतंत्र रस्ता सुरक्षा निधी आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समिती हे सगळे त्यात आहे. केरळने तर २००७ सालीच कायदा करून रस्ता सुरक्षा प्राधिकरण नेमले आणि वाहनचालकांकडून वसूल होणाऱ्या दंडाचा वाटा त्याच्या निधीला बांधून दिला. ज्या भूमीवर वायकोमचा सत्याग्रह झाला, तिथेच हा कायदा झाला, याची आम्हाला विशेष नोंद घ्यावीशी वाटते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याचा आराखडा किंवा बांधकाम ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर यंत्रणा आणि ठेकेदार यांना एक लाखापर्यंत दंड आहे. दंड तुटपुंजा आहे, पण दोष नेहमी चालणाऱ्याचाच नसतो हे कायद्याने मान्य केले. चाळीसगावच्या पुलाला कठडा का नव्हता, हा प्रश्न आज विचारायला कायदेशीर जागा आहे.

याशिवाय अनुसूचित जाती घटक योजना आहे. १९७९-८० पासून तिचे तत्त्व साधे आहे: लोकसंख्येच्या प्रमाणात निधी. प्रत्यक्षात काय होते? रस्ते, पूल, वीज अशा मोठ्या कामांच्या खर्चातला काही टक्के 'अनुसूचित जातींनाही लाभ होईल' म्हणून कागदावर घटक योजनेत दाखवला जातो. वर दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेसाठी याच योजनेचे शेकडो कोटी रुपये वळवले गेले आणि २०१० साली सरकारला ते संसदेत कबूल करावे लागले. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली या निधीसाठी कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात तर निधी वळवायला वाट ठेवणारे पोटकलम होते, ते तिथल्या चळवळीने रेटा लावल्यावर २०२३ साली रद्द झाले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात असा कायदा करायला कोणाचे हात थरथरतात?

अमेरिकेतलेही एक उदाहरण घेण्यासारखे आहे. तिथे महामार्ग बांधताना सेंट पॉलचे रोंडो, मायामीचे ओव्हरटाऊन अशा कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मधोमध चिरल्या गेल्या. त्या समाजाने हा अन्याय दशकानुदशके मांडत ठेवला. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात सुरक्षित रस्त्यांसाठी पाच वर्षांत पाच अब्ज डॉलरचे अनुदान ठेवले गेले. ते शहरांना, काउंटींना आणि मूलनिवासी जमातींच्या शासनांना थेट मागता येते. आधी कृती आराखडा करण्यासाठी पैसा, मग तो अमलात आणण्यासाठी पैसा, अशी दोन टप्प्यांची सोय आहे. तिथेही सगळे आलबेल नाही. खर्चाचा वीस टक्के वाटा स्थानिकांनी घालायचा असतो, आणि गरीब गावाला तो जड जातो. पण आराखडा करायलाच पैसा द्यायचा, ही गोष्ट आपल्या कामाची आहे. आपल्या वस्तीत इंजिनिअर नाही, नकाशा नाही, म्हणून प्रस्ताव नाही; आणि प्रस्ताव नाही म्हणून निधी नाही.

आम्ही काय पाहिले

आमच्या भागातल्या एका वस्तीची गोष्ट सांगतो. चौपदरी रस्ता झाला तेव्हा गावाच्या बाजूला सर्व्हिस रोड मिळाला. आमची वस्ती रस्त्याच्या पलीकडे, शाळा आणि रेशन दुकान अलीकडे. मधल्या दुभाजकाच्या फटीतून पोरे रस्ता ओलांडायची. दोन जण गेले. एक शाळकरी मुलगी आणि एक म्हातारे बाबा. आम्ही अर्ज घेऊन निघालो. ग्रामपंचायत म्हणाली, रस्ता आमच्याकडे नाही. बांधकाम खात्याने सांगितले, महामार्ग आमच्याकडे नाही. समाजकल्याणचे उत्तर आले, दलित वस्तीचा निधी वस्तीच्या हद्दीत वापरायचा, हे काम हद्दीबाहेरचे. महामार्गाच्या कचेरीत एका साहेबांनी यादी काढून पाहिली आणि सांगितले, तुमचे ठिकाण ब्लॅक स्पॉटमध्ये बसत नाही, आकडा कमी आहे. त्या मुलीचे वडील आमच्या शेजारीच उभे होते. आकडा कमी आहे, हे त्यांनी ऐकले.

त्या दिवशी परत येताना कोणी बोलले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पोरांनी काम सुरू केले. सात दिवस सकाळ-संध्याकाळ किती माणसे, किती मुले रस्ता ओलांडतात ते वहीत टिपले. मागच्या तीन वर्षांत कोणाचा हात मोडला, कोण दवाखान्यात होते, हे घरोघर जाऊन लिहिले. ज्यांच्याकडे दवाखान्याचे कागद होते ते जोडले. ग्रामसभेत ठराव घेतला आणि त्याची प्रत मागून घेतली. ते सगळे जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवले. आज तिथे दिवा आहे, रंबल स्ट्रिप आहे, पाटी आहे. भुयारी मार्ग अजून नाही. त्याचा पाठपुरावा चालू आहे आणि तो मिळेपर्यंत आम्ही थांबणार नाही.

या कामात आमचा आमच्याशीही वाद झाला. दलित वस्ती सुधार योजनेचे पैसे आले की आधी कमान, आधी सभागृह, असा आपल्यात आग्रह असतो. आम्ही त्याची टिंगल करणार नाही. ज्यांना शतकानुशतके बसायला जागा नव्हती, त्यांना आपल्या महापुरुषाच्या नावाची वास्तू हवी असते, आणि ती असलीच पाहिजे. पण बाबासाहेबांनी चाळीसगावची हकीकत लिहिताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे. महारवाड्यातल्या बांधवांना वाटले, पाहुण्याला पायी नेणे मानाला शोभणार नाही. पण मानापेक्षा जीव मोठा, हे ते विसरले. तो दोष देण्याचा सूर नव्हता, मायेचा होता. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत कमानीखालून जाणारी पोरे दुसऱ्या दिवशी शाळेत सुखरूप पोचली पाहिजेत, एवढेच आम्ही म्हणतो.

काय मागायचे

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ब्लॅक स्पॉटची वाट न पाहता महामार्ग आणि राज्यमार्गांलगतच्या प्रत्येक दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त वस्तीची सुरक्षा पाहणी आधी करा. वस्तीच्या हद्दीबाहेरचा ओलांडणीचा रस्ता, दिवा, पदपथ, पुलाचा कठडा हे वस्तीचेच काम माना. घटक योजनेत रस्त्यांच्या नावाने दाखवलेला प्रत्येक रुपया कोणत्या वस्तीला पोचला, हे ठिकाणानिशी जाहीर करा. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत वस्त्यांचे प्रतिनिधी घ्या. आणि बोले यांच्या दुसऱ्या ठरावाप्रमाणे, जी संस्था वस्तीचे काम टाळेल तिच्या अनुदानावर अट घाला.

आपणही हातावर हात ठेवून बसायचे नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या वर्षांतल्या ग्रामपंचायत निधीत चाळीस टक्के वाटा बंधनमुक्त होता. गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा हा पैसा आपल्या गावात कुठे गेला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. खासदार निधीतले १५ टक्के अनुसूचित जातींच्या भागात खर्चणे अपेक्षित आहे. वर्षाचे पाच कोटी धरले तर दर खासदारामागे ७५ लाख होतात. आपल्या खासदाराचे ७५ लाख कुठे गेले? वाहन पळून गेले तरी तक्रार नोंदवा. एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार भरपाईची योजना आहे, पण नोंदच नसेल तर वारसाच्या हाती काही लागत नाही. आणि ती नोंद आपल्या ठिकाणाचा आकडाही पुढे नेते.

अय्यंकालींची गाडी, वायकोमचे रस्ते, महाडचे तळे, बोले यांचे दोन ठराव आणि संविधानाचा अनुच्छेद १५ यांनी रस्त्यावर पाऊल ठेवण्याचा हक्क दिला. ते पाऊल घरी सुखरूप परत आणण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे. येत्या ग्रामसभेला वही घेऊन जा. पहिल्या पानावर आपल्या वस्तीच्या वाटेवरच्या त्या पुलाचे नाव लिहा, ज्याला अजून कठडा नाही.

जयभीम!